ढोलीतली विहीण

ता. नागभीड, ४ ऑगस्ट

बाई,

नमस्कार लिहीत नाई. तू घेणार नाईस, तं उगाच शाई काऊन खर्च करू? तू माझा नंबर ब्लॉक केला ते मले समजलं. मंग मी तुझ्या सुनेले फोन लावला, तं तिनं तेलुगूत काहीतरी म्हणलं अन् ठेवून देला. त्यातलं मले एक 'लेदु' समजलं, म्हणजे नाई. आता सिरोंच्याचा पोस्टमन तरी तुझ्या धाकात नसंल, म्हणून हे पत्र.

पहिलं सांगते. ते गाणं मी बाहेर पाठवलं नाई. ते गेलं. मोबाईलचं असंच असते, आपण बोट इथी ठेवतो अन् ते तिथी लागते.

तू म्हणत असशीन, पन्नाशी उलटलेली माझी बहीण नातवंडं खेळवाचं सोडून मोबाईलमधी गाणे काऊन भरते. मी गाणं कशी करते ते तू कधी विचारलंच नाई. आता रागात वाच, पण वाच. चाल मले राइस मिलमधी सापडते. आमचे हे, गुणवंतराव, मले धान भरडाले पाठवतात. तिथचा पट्टा फिरताना एक ठेका धरते, अन् तो ठेका मी घरी येईपर्यंत तोंडात धरून ठेवते. रस्त्यानं कोणी हाक मारली तरी बोलत नाई, बोललं का ठेका सांडला. त्यापायी गावात पसरलं का सुगंधाबाईले शिष्टपणा चढला. शब्द मले बाजारात भेटतात. बाया वांग्याचा भाव करताना जे बोलतात ते निम्मं गाणंच असते, मले फक्त शेवट जुळवावा लागते.

अन् आवाज भरते मी ढोलीत. आपली धान ठेवाची ढोली, बांबूची, शेणामातीनं सारवलेली, माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी. वैशाखापर्यंत धान सरते अन् ती रिकामी होते. बाहेर ट्रॅक्टर, कोंबडे, शाळेचा भोंगा, गुणवंतरावांचा खोकला. शिडीनं आत उतरलं, वरून गोधडी ओढली, का जगच बंद. आपला आवाज गोल फिरून आपल्याच कानात येते, वाटते बाजूले कोणी बसलं हाय. ढोलकी नाई म्हणून मांडीवर पाण्याचा गुंड उपडा घेते, अन् सुपात मूठभर धान घालून हलवते. गुणवंतराव लोकांले सांगतात, आमच्या घरी यंदा धान नाई, ढोलीत बायको साठवली हाय.

पण हे सगळं नवं पीक येईपर्यंत. दिवाळीच्या मागं-पुढं धान आलं का ढोली भरली अन् गाणे बंद. म्हणून माझी घाई असते, अन् घाईत नाव चुकते.

आता नावाचं ऐक. तूच मले शिकवलं का मांडवात विहिणीले शिवी द्याची तं नाव घेऊन द्याची, नाई तं ती कोणालेच लागत नाई. अन् मांडव उतरला का शिवीही उतरते, कोणी घरी नेत नाई. मी ओळ टाकाची, तू झील धराची, कितीक विहिणी आपण रडवल्या अन् हसवल्या. आता ढोलीत विहीण कुठून आणू? सुमनबाई घालून पाह्यलं, तोकडं पडलं. चंद्रकलाबाई घातलं, ठेक्याच्या बाहेर लोंबलं. रुखमाबाई घातलं अन् टाक्कन बसलं.

*विहीण आली मांडवात, डोळा तिचा भांड्यात,*
*रुखमाबाईचे वडे गेले पदराच्या गाठोड्यात!*

ती तुझी विहीण हाय, आपल्या रीताची सासू हाय, हे माझ्या ध्यानातच नाई आलं. कोरपन्यात कोणाच्या तरी लग्नात डीजेवाल्यानं ते गाणं लावलं अन् समोरच्या पंगतीत रुखमाबाईच बसली होती. वाढपी म्हणे तिच्याजवळ वाकला अन् विचारलं, बाई, वडे बांधून देऊ का. ह्यात माझा दोष काय? दोष वाढप्याचा हाय.

रीताची सासू रीताशी बोलत नाई, अन् तू माझ्याशी. मले दुसरं काही नको, बाई. शिव्या दे, पण तोंडानं दे.

तुझी सुगंधा

ता. नागभीड, २२ ऑगस्ट

बाई,

उत्तर नाई आलं. बरं, बटण मीच दाबलं. पण कोणी ऐकंल असं वाटलं नाई. माझ्या चॅनेलचं नाव 'सुगंधाची ढोली' हाय, त्याच्यावर आधी टाकलेलं गाणं सगळं मिळून माझ्या दोन पोरींनी अन् गुणवंतरावांनी ऐकलं होतं. गुणवंतरावांनी तं चुकून.

अन् हे आता गावागावात वाजून राह्यलं. उन्हाळ्यात हळदीले वाजलं, वरातीत वाजलं, आता पोळ्याले बैलं सजवताना वाजलं. बैलाचा अन् विहिणीचा काय संबंध? लोकांनी मले रस्त्यात थांबवून विचारावं, खरंच बांधले होते का वडे? मी म्हणते, गाणं हाय ते. मंग ते म्हणतात, पण बांधले होते का?

तं मी उपाय केला. नुसतं नाव काढलं तं ठेक्यात खड्डा पडते. म्हणून नावाच्या जागी कुकरची शिट्टी भरली. ही सोपी गोष्ट समजू नको. कुकर ढोलीत नेता येत नाई. मी आत मोबाईल घेऊन बसली, बाहेर गुणवंतराव शेगडीवर डाळ घेऊन. शिट्टी व्हावी तेव्हा होत नाई अन् मी शिंकली का होते. सगळी तुरीची डाळ शिजून पिठलं झाली तेव्हा एक शिट्टी बरोबर मिळाली. जुनं गाणं पुसलं, शिट्टीवालं टाकलं. आता झालं, असं वाटलं.

पण लोकांचं तुले माहीत हाय. जुनं सगळ्यांच्या तोंडात होतंच. आता शिट्टी वाजली का सगळी मिरवणूक एका दमात ओरडते, रुखमाबाई. आधी एकटी मी नाव घेत होती, आता अख्खा जिल्हा घेते. कोरपन्यात पोट्टे तिच्या घरावरून जाताना नुसती शिट्टी मारतात म्हणे. रीतानं मले फोन करून सांगतलं. ती रडून राह्यली होती का हसून राह्यली होती ते कळलं नाई, रेंज नव्हती.

ते गाणंच मी आता काढून टाकलं. मले पोरींनी म्हणलं का एवढं चाललेलं गाणं कोणी काढत नसते. मी म्हणलं, मले बहीण हाय. तुले हे कोणी सांगतलं नसंल म्हणून लिहिते.

तुझी सुगंधा

ता. नागभीड, २० सप्टेंबर

बाई,

माफीचं गाणं केलं. रुखमाबाईसाठी. तू ऐकलं का? नसंल ऐकलं तं ऐकू नको.

शिवी देताना शब्द कसे पोतं फुटल्यावानी येतात. चांगलं बोलाचं म्हणलं का एकही येईना. बाजारात गेली, तिथी कोणी कोणाले चांगलं बोलतच नाई. शेवटी मनानंच जुळवलं, रुखमाबाई साध्वी, रुखमाबाई दानी, तिच्या अंगणी तुळस अन् पाणी. चाल संथ घेतली, म्हणलं मान दिसला पाहिजे. झील पण मीच म्हणली. आधी एक आवाज भराचा, मंग कानात ते ऐकत ऐकत वरून दुसरा भराचा, असं मोबाईलमधी होते. दोन आवाज झाले, पण बाई, दोन्ही माझेच. तू झील धरते तेव्हा मले मागून ढकलते, 'अस्सं का वं' म्हणून टोचते, मी चुकली तं आणखी जोरात म्हणून माझी चूक झाकते. माझाच आवाज माझ्यामागं आला तं नुसती हो ला हो. त्यात भांडण नाई, अन् भांडण नाई तं चव नाई. मी आठ-दहा खेपा भरून पाह्यलं, मंग ढोलीतच बसून राह्यली. गुणवंतरावांनी वरून डोकावून विचारलं का जेवण कोण करणार हाय. मी म्हणलं, तुम्ही. त्या दिवशी आम्ही मुरमुरे खाल्ले.

त्यांनी गाणं ऐकलं अन् टोपी काढली. म्हणलं, कोण गेलं?

तरी मी रीताच्या मोबाईलवर पाठवलं. रुखमाबाईनं पूर्ण ऐकलं म्हणे, डोळे मिटून. मंग रीताले म्हणली, "तुझ्या मावशीनं मले जिवंतपणीच श्रद्धांजली वाहिली."

पण बाई, ती रीताशी बोलली ना. किती दिवसांनी बोलली. तेवढं माझ्या नावावर लिहून ठेव. तू रीताशी बोलतेस हे मले माहीत हाय, ती मले तुझं सगळं सांगते, तुझे गुडघे दुखतात तेही. मी तिले विचारलं, आई माझ्याबद्दल काही म्हणते का. ती म्हणली, नाई. मंग म्हणली, "मावशी, तुम्ही दोघींनी त्या वड्यांचं कधी मले विचारलं का?" मी म्हणलं, काय विचाराचं, सगळ्यांनी पाह्यलं, मी स्वतः पाह्यलं ना तिले बांधताना. तं तिनं फोन ठेवून देला.

हो, रीताच्या लग्नात पाह्यलं होतं. पहिल्या पत्रात मी थोडं वेगळं लिहिलं होतं. पण नाव ठेक्यातही बसत होतं, हे खोटं नाई.

सुगंधा

ता. नागभीड, ३० ऑक्टोबर

बाई,

रीताचा फोन आला होता. रुखमाबाईनं निरोप धाडला, अन् तो असा का, मुलीकडच्यांनी शिव्या देल्या, आता मुलाकडच्यांची पाळी. रीताच्या लग्नात गाडीवाल्यानं घाई केली अन् वरात निघून गेली, त्यांचं उत्तर राहूनच गेलं होतं. ते आता द्याचं हाय. आणि ज्या ढोलीतून शिवी आली त्याच ढोलीतून उत्तर जाईल, असं तिनं कोरपन्यात चार बायांसमोर सांगतलं.

मी म्हणलं, या. हक्कच हाय तुमचा. मंग रीता म्हणली का झील धराले त्या तुझ्या आईले घेऊन येत हायेत.

बाई, तू विहिणीच्या बाजूनं गाणार? माझ्यावर? तू तं मुलीकडची हायेस वं. मुलीची आईच पलटून मुलाकडून गाते, हे कोणत्या गावात होते? मले त्या दिवशी राग आला. भात करपला. गुणवंतरावांवर ओरडली, त्यांचा काही संबंध नव्हता. मंग जेवताना ध्यानात आलं का तू येऊन राह्यली. आमच्या घरी. मी ताटावरून उठून पाहुण्यांची खोली झाडाले लागली.

आता अडचण ऐक. आमचा हलका, लवकर येणारा धान कापून, मळून झाला. गुणवंतराव म्हणतात ढोली भरून टाकू, ढगं येऊन राह्यले. मी म्हणलं, एक दाणा ढोलीत पडला तं मी माहेरी जाईन. ते म्हणले, माहेरी कोण हाय आता. मी म्हणलं, सिरोंच्याले जाईन, बाईकडे. ते म्हणले, ती घेईल का घरात. मी ढोलीले पाठ लावून बसली. पोती त्यांनी आमच्या खोलीत रचली अन् आता ते त्या पोत्यांवर झोपतात. सकाळी पाठीवर पोत्याचे ठसे घेऊन उठतात. माणूस चांगला हाय.

रुखमाबाई काय खाते? कळवत नाईस, माहीत हाय. मी वडे करणार नाई एवढं नक्की.

सुगंधा

ता. नागभीड, १२ नोव्हेंबर

बाई,

तुम्ही गेल्या त्या दिवसापासून हे पत्र लिहून राह्यली. आज पूर्ण करते.

तू गाडीतून उतरली अन् माझ्याकडं न पाहता गुणवंतरावांले विचारलं, "भाऊजी, तब्येत बरी का?" चहा देला तं रुखमाबाईले म्हणली, तिले सांगा साखर कमी. मी तुझ्यापासून एका हातावर उभी होती. रुखमाबाईनं मले सांगतलं, साखर कमी. मी म्हणलं, त्यांना सांगा, तेवढीच घातली. गुणवंतरावांनी तिघींकडं पाह्यलं अन् बैलाले पाणी दाखवाचं हाय म्हणून निघून गेले. आमच्याकडं आता बैल नाई.

मंग वडे. रुखमाबाईनंच घरून आणले होते, डबा भरून, उडदाचे. माझ्या हातात देले. मी डबा चुलीजवळ नेऊन ठेवला.

तुम्ही दोघी ढोलीत उतरल्या तेव्हा माझा जीव टांगणीले लागला. तुझे गुडघे अन् तिचं अंग. शिडीवर ती खाली पाह्यत नव्हती, तू आतून म्हणत होती, पाय सोडा, विहीणबाई, मी हाय ना. किती मायेनं. मले कधी एवढ्या मायेनं बोलली नाईस. एकदा आत गेल्यावर दोघींले हलाले जागा नाई, अन् रुखमाबाई म्हणे, खुर्ची देता का. खालून धान काढाचं जे भोक हाय त्यातून मी मोबाईल आत देला, अन् बाहेर जमिनीवर गुंड घेऊन बसली, कारण ठेका कोण धरणार? तुम्ही माझ्यावर शिव्या गाणार अन् ठेका मीच धरणार, असं तुम्ही ठरवूनच आल्या होत्या. मी धरला. चुकू देला नाई.

तिनं ओळ टाकली, तू झील धरली.

*पोर तुमची उपाशी, चक्कर आली मांडवात,*
*मावशी सुगंधा, आई गिरजा, दोघी दंग गाण्यात.*
*वडे नेले सुनेसाठी पदराच्या गाठोड्यात,*
*सासूनं भरवला पहिला घास गाडीच्या अंधारात!*

माझा हात गुंडावर चालूच राह्यला, तो थांबला नाई, पण मी काय वाजवून राह्यली ते मले समजत नव्हतं. नवरी सकाळपासून उपाशी असते हे आपल्याले काय माहीत नव्हतं? आपण दोघींनी तिले हळद लावली, नेसवली, अन् मंग मांडवात बसून गात राह्यलो, लोक वाहवा करत राह्यले. तिचं तोंड सुकलेलं एका रुखमाबाईनं पाह्यलं. रीताले तिकडची होऊन तासही झाला नव्हता. मी बांधताना पाह्यलं, अन् कोणासाठी बांधते ते पाह्यलं नाई.

तुले हे रीतानं गाणं वाजल्यावर न विचारताच सांगतलं होतं, ती आता मले म्हणली. म्हणून तू माझ्यावर रागावली, अन् अर्धी स्वतःवर, आणि तो अर्धा पण माझ्याच डोक्यावर टाकला. मोठी बहीण हायेस, तुझा हक्क हाय. पण त्या गाण्यात तुझं नाव तूच घेतलं, झील धरून, मोठ्या आवाजात. मी ऐकलं. माझं नाव पण घेतलं तू, बाई. शिवीत घेतलं, पण पुरं घेतलं. एवढ्या महिन्यांत तुझ्या तोंडून सुगंधा हा शब्द निघाला नव्हता. तू जेवढ्या खेपा चुकली तेवढ्या खेपा मी म्हणलं, परत भरू. काही खेपा तू चुकली नव्हतीस, तरी म्हणलं.

रुखमाबाई जाताना मले म्हणली का तुमचा ठेका चांगला हाय, आता मुलीकडचं उत्तर येऊ द्या. रीता म्हणते ती घरी दिवसभर तेच गुणगुणते अन् मधीच थांबून मुलीकडून काय येईल ते पण स्वतःच जुळवते. गाणं मी तुम्ही गेल्यावर लगेच टाकलं. लोक आता विचारतात, कोण बरोबर हाय? मी म्हणते, रुखमाबाई. तेवढं सरळ उत्तर मी कधी कोणाले देलं नाई.

ढोली भरली. गुणवंतराव पलंगावर झोपतात. पुढच्या वैशाखापर्यंत मले गाणं नाई. आणि खरं सांगते, मुलीकडचं उत्तर मी एकटी भरणार नाई. दोन्ही आवाज माझे, हे मी करून पाह्यलं, ते बेचव होते.

आता एकच गोष्ट राह्यली. शेवटच्या खेपेले, कडव्याच्या मधात, तुझा घसा बसला. ढोलीच्या खालच्या भोकातून तुझा हात बाहेर आला, बांगड्या मातीनं भरलेल्या, अन् तू म्हणली, "सुगंधे, पाणी आण वं." मधी कोणी नव्हतं, रुखमाबाईले सांगा असं नव्हतं. मले म्हणली. मी पाणी आणलं, तू हात परत आत घेतला, अन् पुढची ओळ धरली. ते सगळं गाण्यात भरलं गेलं. रुखमाबाईचा रोज निरोप येते का तेवढं कापून टाका, गाणं मधीच तुटते, बरं नाई वाटत. माझ्या पोरी पण तेच म्हणतात. कापाले एक मिनिट लागत नाई.

मी कापत नाई. कापाचंच असंल तं तू स्वतः फोन करून सांग, दुसऱ्या कोणाचं मी ऐकणार नाई.

तुझी सुगंधा